सातवा मजला, २८ एप्रिल: माद्रिदच्या ब्लॅकआउटमधलं एक घर

सोमवार, २८ एप्रिल २०२५. दुपारी १२ वाजून ३३ मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची वीज एका झटक्यात गेली. पुढचे दहा ते सोळा तास कोट्यवधी लोक विजेविना होते. त्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ही नोंद मात्र एकाच घराची आहे, आमच्या. आम्ही काय केलं, काय करायला हवं होतं आणि नंतर घरात काय बदललं, ते जमेल तितकं तपशिलानं लिहिते. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना त्यातलं काही उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

चार माणसं, चार ठिकाणं

वीज गेली त्या क्षणी मी शहराच्या उत्तर टोकाला, प्लासा दे कास्तिया चौकाजवळच्या ऑफिसात होते. नवरा सेव्हियाहून माद्रिदला येणाऱ्या हाय-स्पीड गाडीत. आठ वर्षांचा लेक शाळेत. आणि सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, दक्षिणेकडच्या पुएंते दे वायेकास भागातल्या आमच्या घरी सातव्या मजल्यावर एकट्या. वय ७४, नाशिकहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. मधुमेह असल्यामुळे दोन वेळा इन्सुलिन, गुडघे दुखरे, आणि स्पॅनिशचे शब्द दोनच: ‘ओला’ आणि ‘ग्रासियास’.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लाइट जाणं आम्हाला नवीन नव्हतं. माझी आणि नवऱ्याची कॉलेजची वर्षं भारनियमनात गेली. कुठल्या भागात किती वाजता लाइट जाणार याचं वेळापत्रक पेपरात यायचं, ते पाहून आई पाणी भरून ठेवायच्या, कणीक मळून ठेवायच्या. त्यामुळे ‘लाइट गेली तर आपल्याला काय होतंय’ असा एक विश्वास आमच्या मनात मुरलेला होता. तो विश्वास नाशिकच्या घराचा होता. तिथे गॅसची शेगडी होती, गच्चीवर टाकी होती, दाराला कडी होती, आणि हाक मारली की समोरच्या काकू बाहेर यायच्या. इथल्या घरात शेगडी इंडक्शनची. सातव्या मजल्यापर्यंत पाणी चढतं ते इमारतीच्या पंपाने. खालचं मुख्य दार कोड दाबून उघडायचं, त्याची चावी मी दोन वर्षं ड्रॉवरमधून काढली नव्हती. लिफ्ट, इंटरकॉम, वायफाय तर विजेवरच. यातलं काय काय बंद पडेल याची उजळणी आम्ही एकदाही केली नव्हती.

पहिली चाळीस मिनिटं

ऑफिसात आधी सगळे हसले. कुणीतरी ‘आपल्याच इमारतीचं दिसतंय’ म्हणालं. माझ्याही मनात पहिला विचार आला तो डीपी उडाल्याचा. मग समोरच्या चौकातले सिग्नल बंद दिसले. एका सहकाऱ्याच्या बहिणीचा लिस्बनहून निरोप आला की तिथेही वीज नाही, आणि खोलीतलं हसणं थांबलं. सायबर हल्ला झाला आहे, निम्मा युरोप बंद आहे, असं जो तो बोलू लागला. आपल्या यंत्रणेवर असा हल्ला झालेला नाही असं स्पेनची ग्रीड, म्हणजे देशभरचं विजेचं जाळं, चालवणाऱ्या ‘रेड एलेक्त्रिका’ या संस्थेने दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण त्या दुपारी ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

या चाळीस मिनिटांत मी काय केलं? नवऱ्याला फोन लावला, लागला नाही. शाळेला लावला, लागला नाही. आईंना लावला, घंटी वाजली आणि तुटला. मग पुन्हा पहिल्यापासून. असे चाळीस-पन्नास प्रयत्न तरी केले असतील. बॅटरी अर्ध्यावर आली.

नाशिकला नणंदेला, ताईंना, मात्र मी कळवलं नाही. मुद्दाम कळवलं नाही. भारतात तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते. ‘उगाच काळजी करतील, सगळं ठीक झालं की सांगू,’ ही परदेशात राहणाऱ्यांची जुनी सवय. ताप आला की उतरल्यावर सांगायचं, नोकरी गेली की दुसरी मिळाल्यावर सांगायचं. त्या दिवसाकडे मागे वळून बघताना मला सर्वांत मोठी चूक हीच दिसते. कशी, ते पुढे येईल.

सव्वा वाजता मी निघाले. मेट्रो बंद होती, बोगद्यांतून लोकांना बाहेर काढणं चालू होतं. बसच्या थांब्यांवर शंभर-शंभर माणसं उभी होती. घर साधारण दहा किलोमीटर. वाट सरळ आहे: कास्तेयाना रस्त्याने खाली, मग अतोचा स्टेशन, मग वायेकास. बसची वाट बघायची नाही, चालायचं, हा निर्णय बरोबर ठरला. माझ्यासोबत निघालेली सहकारी बसस्टॉपवर थांबली, ती माझ्यानंतर दोन तासांनी घरी पोचली.

रस्त्यावरचा रेडिओ

त्या चालण्यातलं एक दृश्य विसरता येत नाही. रस्त्याच्या कडेला कुणीतरी गाडी उभी करून चारही दारं उघडी ठेवायचं, रेडिओ मोठा करायचं, आणि भोवती वीस-पंचवीस अनोळखी माणसं गोळा होऊन ऐकायची. थोडं ऐकून पुढे जायची, नवी यायची. चौकाचौकांत पोलीस, आणि पोलीस नव्हते तिथे साधे नागरिक, हातवारे करून वाहतूक सोडत होते. उन्हाळा अजून लागला नव्हता, हवा छान होती. हेच जुलैत झालं असतं तर सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचं काय झालं असतं, हा विचार तेव्हाही छातीत धडकी भरवून गेला.

त्या गाड्यांपाशी मला एक गोष्ट लख्ख जाणवली. माझं स्पॅनिश मीटिंगपुरतं चांगलं आहे. रेडिओवरचा निवेदक भरभर बोलत होता, माणसं मध्येच बोलत होती, आणि मला तिसरा हिस्सा समजत होता. ‘रेड एलेक्त्रिका’, ‘सहा ते दहा तास’, ‘प्रवास टाळा’ इतकं कळलं. गाड्यांबद्दल काही म्हणाले, ते निसटलं. बाजूच्या बाईंना विचारलं. त्यांनी सावकाश सांगितलं: सगळ्या रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या आहेत. मुकाट्याने पुढे चालण्यापेक्षा ‘मला नीट समजलं नाही, पुन्हा सांगता का?’ असं विचारणं त्या दिवशी फार मोलाचं ठरलं. कुणीही कपाळाला आठी घातली नाही.

शाळेत पोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. लेक आणि आणखी नऊ-दहा मुलं वर्गात शिक्षिकेबरोबर चित्रं काढत बसली होती. शाळेने मुलांना सोडलं नव्हतं, आणि ते योग्यच होतं. न्यायला येऊ शकणाऱ्या माणसांची यादी शाळेकडे असते, त्याखेरीज कुणाच्या ताब्यात मूल देत नाहीत. आमच्या यादीत दोनच नावं होती, माझं आणि त्याच्या बाबाचं. बाबा कुठेतरी रुळांवर अडकलेले. मी लिफ्टमध्ये अडकले असते तर त्या मुलाला न्यायला या शहरात कायदेशीरपणे कुणीच नव्हतं. नातेवाईक नसलेल्या गावी राहणं म्हणजे काय, ते त्या दोन नावांच्या यादीत मला दिसलं.

सातव्या मजल्यावर

घरी पोचलो तर खालचं मुख्य दार कुणीतरी कुंडी लावून उघडं ठेवलेलं. नाहीतर चावीवाचून मी बाहेरच राहिले असते. सात मजले चढून वर गेलो. बैठकीत आई आणि पाचव्या मजल्यावरच्या आजी शेजारी शेजारी बसल्या होत्या, मध्ये छोटा ट्रान्झिस्टर.

आजी सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. लिफ्टमध्ये भेटायच्या तेवढीच ओळख. वीज गेल्यावर तासाभराने त्यांना आठवलं की वर एक बाई आहे जिला भाषा येत नाही. त्या दोन मजले चढून आल्या. आई दार उघडेनात, कारण ‘अनोळखी माणसाला दार उघडू नका’ असं मीच बजावलं होतं. आजींनी दाराबाहेरून माझ्या लेकाचं नाव घेतलं, तेव्हा आईंनी उघडलं. मग दोघी तीन तास बसल्या. आजी स्पॅनिशमध्ये बोलत होत्या, आई मराठीत. आईंनी त्यांना सकाळची पोळी आणि दही खायला दिलं. मला बघून आजी म्हणाल्या, “घाबरल्या नाहीत हो त्या, पण नळाचं पाणी गेल्यावर जरा गप्प झाल्या.”

शहराचं पाणी बंद नव्हतं. आमच्या इमारतीचा पंप थांबला होता. तळमजल्याच्या नळाला पाणी येत होतं, आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक कॉलेजातला मुलगा ज्याला त्याला बादल्या वर नेऊन देत होता. भारनियमनाच्या सवयीने आईंनी लाइट जाताच दोन पातेली भरून घेतली होती. पाइपात उरलेलं पाणी तेवढंच होतं. नाशिकची ती एक सवय इथेही उपयोगी पडली.

आता इन्सुलिन. वापरात असलेलं पेन किंवा बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, फार उष्णता मात्र नको. नेमके दिवस आणि तापमान औषधाच्या पत्रकात दिलेलं असतं. त्यामुळे वापरातल्या पेनची चिंता नव्हती. फ्रिजमधल्या न उघडलेल्या साठ्याची होती. दार बंद ठेवलं तर फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. भरलेला फ्रीझर जवळजवळ दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. दिवसभर कुणी दार उघडलं नव्हतं. मी फ्रीझरमधली बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळून इन्सुलिनच्या डब्याजवळ ठेवली, थेट लावली नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. आणि रात्रीचा डोस घेण्याआधी ताटात जेवण नक्की आहे ना, हे आधी पाहिलं. घाबरलेल्या घरात नेमकं हेच विसरतं. डोस घड्याळाप्रमाणे दिला जातो, जेवणाला उशीर होतो, आणि साखर खाली जाते.

जेवणाचा प्रश्न आला तेव्हा मी माळ्यावरचा कॅम्पिंगचा गॅस काढला. स्वयंपाकघरातच लावून खिचडी करावी असा विचार. आजींनी हात धरला. “ईखा, घरात नाही,” म्हणाल्या. ईखा म्हणजे ‘अगं मुली’. मी म्हटलं, खिडकी उघडते. त्या ऐकेनात. शेवटी ब्रेड, टोमॅटो, दही, केळी असं गार जेवलो. दुसऱ्या दिवशी बातमी आली: गॅलिसियातल्या ताबोआदेला गावात एकाच कुटुंबातल्या तिघांचा मृत्यू झाला होता, प्राथमिक तपासानुसार घरात लावलेल्या जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडमुळे. माद्रिदमध्ये मेणबत्तीने लागलेल्या आगीत एक बाई गेली. या दोन्ही घटनांत जीव अंधाराने घेतला नाही. अंधारावर घरच्या घरी केलेल्या उपायांनी घेतला. कार्बन मोनॉक्साइड हा इंधन जळताना तयार होणारा विषारी वायू. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि खिडकी उघडल्याने आपण सुरक्षित झालो असं समजणं चूक आहे. आईंना संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा होता. तो लावला, आम्ही सगळे समोर बसलेले असताना, आणि उठताना शांत केला. रात्रीसाठी टॉर्च.

निरोप कुठून फिरून आला

नवऱ्याचा पत्ता नव्हता. रेडिओवर आकडे येत होते. शंभरावर गाड्या वाटेत थांबलेल्या, सुमारे ३५,००० प्रवाशांना बाहेर काढायचं काम चालू. पंतप्रधान सांचेझ सहाच्या सुमाराला बोलले, आजींनी ते मला वाक्यावाक्याने सोपं करून सांगितलं. सूर्य मावळला नऊच्या सुमाराला. काळोखात लेकाने तीनदा विचारलं, “बाबा कुठे आहे?” आणि तिन्ही वेळा मी सांगितलं, “गाडीत आहे, येईल.” मला ते माहीत नव्हतं.

रात्री अकराच्या सुमाराला रस्त्यावरचे दिवे लागले. बाल्कन्याबाल्कन्यांतून टाळ्या आणि आरोळ्या. दहा मिनिटांनी फोनला जीव आला, आणि ताईंचे एकामागून एक चौदा निरोप येऊन पडले. पहिलाच निरोप भारतातल्या दुपारी साडेचारचा: “दादाचा मेसेज आला. गाडी ला मांचात थांबली आहे, तो बरा आहे. तुला फोन लागत नाही म्हणाला. तू कुठे आहेस? आई बरी आहे का?”

वीज गेल्यावर वीसेक मिनिटांनी गाडीशेजारच्या एका टॉवरवर त्याला क्षणभर सिग्नल मिळाला होता. त्याने मला आणि ताईंना, दोघींना निरोप पाठवला. माझ्या भागात लाखो लोक एकाच वेळी फोन लावत होते, त्या गर्दीत मला पाठवलेला निरोप अडकला. नाशिकचा पोचला. ताईंनी टीव्हीवर बातमी आधीच पाहिली होती. म्हणजे ज्यांना काळजी नको म्हणून मी कळवलं नाही, त्या तिथल्या साडेचार वाजल्यापासून सगळं जाणत होत्या. आणि माझा नवरा सुखरूप आहे ही माद्रिदपासून हजारो किलोमीटर दूर ठाऊक असलेली गोष्ट मला दहा तास कळली नाही. ऑफिसातल्या पहिल्या पाऊण तासात अधूनमधून निरोप जात होते. पन्नास फोन लावण्याऐवजी ताईंना एक ओळ लिहिली असती तर उत्तर मिळण्याची बरीच शक्यता होती.

यामागचं कारण साधं आहे. मोबाइलच्या टॉवरना बॅटरी असते, पण ती काही तासांची. सुरुवातीला गर्दीमुळे फोन लागत नाहीत, नंतर बॅटरी संपते म्हणून लागत नाहीत. या दोन्हींच्या मधल्या फटीत छोटा लेखी निरोप कॉलपेक्षा सहज निसटून जातो, आणि अडचणीत असलेल्या शहराबाहेरच्या माणसाकडे तो पोचण्याची शक्यता जास्त असते. सगळ्यांनी एकाच बाहेरच्या माणसाला कळवायचं आणि त्याने सगळ्यांना सांगायचं, ही पद्धत आपत्ती व्यवस्थापनात जुनी आहे. परदेशस्थ घराला तो बाहेरचा माणूस आयताच मिळालेला असतो. त्याला त्रास नको म्हणून आपणच त्याला वगळतो.

नवरा पहाटे आला. डिझेल इंजिनाने गाडी पुढच्या स्टेशनपर्यंत ओढून नेली होती. डब्यात पाणी संपलं होतं, जवळच्या गावातले लोक बाटल्या घेऊन शेतातून आले. अतोचापासून तो घरापर्यंत चालत आला.

इतका वेळ का लागला

नाशिकहून सगळ्यांनी विचारलेला प्रश्न हाच. स्पेन सरकारने सांगितलं की पाच सेकंदांत सुमारे १५ गिगावॉट वीजनिर्मिती नाहीशी झाली, त्या वेळच्या मागणीच्या जवळपास ६० टक्के. आधीच्या अर्ध्या तासात ग्रीडमध्ये दोनदा हेलकावे आले होते. ते शांत करण्यासाठी केलेल्या उपायांनी व्होल्टेज वर सरकलं. मग ग्रानादा, बादाखोस, सेव्हिया अशा भागांत वीजकेंद्रं एकामागून एक ग्रीडपासून सुटत गेली. प्रत्येक केंद्र सुटलं की व्होल्टेज आणखी चढायचं, आणि त्या वाढीने पुढचं सुटायचं. फ्रान्सशी असलेली विजेची जोडणी सुटली आणि स्पेन-पोर्तुगालचं द्वीपकल्प एकटं पडलं. युरोपातल्या पारेषण (वीज वाहून नेणाऱ्या) संस्थांच्या तज्ज्ञगटाने ऑक्टोबर २०२५च्या अहवालात म्हटलं की वाढत्या व्होल्टेजच्या साखळीने झालेला युरोपातला हा पहिलाच ब्लॅकआउट.

पडलेली ग्रीड बटण दाबून उभी राहत नाही. बहुतेक वीजकेंद्रांना स्वतः सुरू व्हायला बाहेरून वीज लागते. अणुभट्ट्या तर आपोआप बंद झाल्या होत्या, त्यांची सुरक्षा यंत्रणा डिझेल जनरेटरवर चालली. अशा वेळी कोयनेसारखी धरणावरची केंद्रं कामी येतात. पाणी सोडलं की ती जवळजवळ आपल्या बळावर फिरू लागतात. त्यांच्याभोवती विजेची छोटी बेटं तयार करायची, थोडाथोडा भार जोडायचा, मग बेटाला बेट जोडायचं. प्रत्येक जोडणीला दोन्हीकडच्या विजेची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आंदोलनं, तंतोतंत जुळावी लागते. घाई केली तर सगळं पुन्हा कोसळतं. फ्रान्स आणि मोरोक्कोकडून आलेल्या विजेचा आधार होता. पहाटे चारच्या सुमाराला स्पेनचं पारेषण जाळं पूर्ण उभं राहिलं. हे समजल्यावर त्या रात्रीच्या वाट पाहण्याबद्दलचा माझा राग पुष्कळ निवळला.

नंतर घरात काय बदललं

महिनाभर आधीच, २६ मार्चला, युरोपीय आयोगाने नागरिकांना ७२ तास पुरेल एवढं सामान घरात ठेवायला सांगितलं होतं. मी ती बातमी वाचली होती आणि ती युद्धाबद्दलची समजून सोडून दिली होती. आता सेलवरचा रेडिओ आहे. प्रत्येकी तीन दिवसांचं पिण्याचं पाणी आहे. लहान नोटा आणि नाणी एका डब्यात आहेत. त्या दुपारी कार्डाची यंत्रं बंद होती आणि माझ्या पाकिटात पाच युरो होते, कोपऱ्यावरच्या दुकानात तेवढ्यात पाणी आणि ब्रेड मिळाला. मुख्य दाराची चावी जुडग्यात आली. न शिजवता खाता येईल असं काही कायम घरात असतं.

आईंसाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड केलं. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला स्पॅनिशमध्ये: मी कोण, कुठे राहते, मला मधुमेह आहे, ११२ला फोन लावून द्या. त्या ते देव्हाऱ्यात ठेवतात, आणि बाहेर जाताना पर्समध्ये.

लेकाच्या शाळेच्या यादीत आता तिसरं नाव आहे, आजींचं. ते विचारायला मी पाचव्या मजल्यावर गेले तेव्हा त्या आत जाऊन वही घेऊन आल्या आणि म्हणाल्या, माझंही एक लिहून घे. दारामागच्या कागदावर नाशिकच्या ताईंच्या नंबरखाली आता बिल्बाओचा एक नंबर आहे, आजींच्या मुलीचा. पुन्हा असं झालं तर तिला आम्ही कळवायचं आहे.